आईला वर नेलं ती तारीख

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं ओळखून तू पत्र न उघडताच परत पाठवशील अशी भीती होती, म्हणून पत्ता आमच्या टायपिस्ट बाईंकडून लिहून घेतला. ही लबाडी पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो. फोन तू साडेतीन वर्षं उचललेला नाहीस, आणि ऑफिसातून मेल पाठवला तर तो आधी तिसराच कुणीतरी वाचतो. राहिलं पोस्ट.

आई बरी आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. आमच्या क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला गाड्या लावायची जागा आणि पाण्याची टाकी दिसते, आणि ती दिवसभर तिथेच बसून असते. लिफ्टवाल्याच्या सासूला कसलं दुखणं आहे इथपर्यंतच्या बातम्या तिच्याकडे असतात. महिन्यातून एकदा तरी विचारते, "अजून किती दिवस राहायचंय इथे?" मी म्हणतो, बघू. ती म्हणते, बघ.

लिहायला कारण घडलं ते असं. गेल्या आठवड्यात शाळांची एक यादी माझ्या टेबलावरून पुढे गेली. तीत तुझी शाळा होती. यादी कसली ते सांगता येत नाही, आणि तसं घाबरण्यासारखंही काही नाही. पण तू मुख्याध्यापिका आहेस, तुझं वजन आहे, म्हणून सुचवतो: वरच्या भागातल्या शाळेत बदलीचा अर्ज कर. आत्ता जागा आहेत, पुढच्या वर्षी नसतील. राहायला माझ्याकडे ये. दोन खोल्या आहेत. तू आईजवळ झोप, मी बाहेरच्या खोलीत पडेन.

का, ते विचारू नकोस. भाऊ सांगतोय म्हणून ऐक, एवढंच.

तुझा,
बारक्या

गुरुवार, १९ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि मजकूर दोन ओळींचा: "शाळेचं छप्पर दोन वर्षं का होत नाही ते तुला माहीत असणार. सांगता येत असेल तर लिही, नाहीतर पुन्हा लिहू नकोस." आईला दाखवलं. तिने वाचलं नाही, नुसतं उलटसुलट करून पाहिलं आणि उशीखाली ठेवलं. माझ्याकडे परत दिलं नाही.

सांगतो. पण त्याआधी माझं काम काय ते सांगायला हवं. तू एकदा विचारलं होतंस तेव्हा मी "कॉम्प्युटरवर अंदाज काढतो" म्हणालो, आणि तू म्हणालीस, म्हणजे ज्योतिषी. ऑफिसातही मला तेच नाव पडलंय. आमच्या खोलीत आम्ही दोघं. शेजारचा पाण्याचं बघतो: खाडीची भरती दर वर्षी किती चढेल, पंप किती ओढतील, कुठल्या गल्लीत किती इंच पाणी उभं राहील. त्याला सगळे पाणक्या म्हणतात. मी माणसांचं बघतो. खालच्या भागातली अठराशे चाळीस घरं माझ्या मॉडेलमध्ये आहेत. नावं नाहीत, नुसते क्रमांक. पण घरात माणसं किती, वयं काय, कामाला कुठे जातात, मुलं कुठल्या शाळेत, हे सगळं खरं. प्रत्येक घर वर्षातून एकदा ठरवतं, राहायचं की जायचं. दारात पाणी आलं की जायचा कल थोडा वाढतो. शेजार गेला की आणखी वाढतो. शाळा बंद झाली की एकदम वाढतो. हे नियम माझे. मग संगणक हे सगळं पंधरा वर्षं पुढे पळवतो, एकदा नाही, हजार वेळा, आणि शेवटी एक नकाशा रंगतो.

तो नकाशा तू पाहिलायस. पालिकेच्या जिन्यात लावलाय. तुमचा भाग राखाडी आहे आणि खाली लिहिलंय, पाण्याचा धोका. ते अर्धंच खरं. राखाडी रंग पाण्याचा नाही, माणसांचा आहे. पंधरा वर्षांनी इथली बहुतेक वस्ती उठून गेलेली असेल, असा त्याचा अर्थ. आणि जिथून लोक जाणारच आहेत तिथे नवीन काम काढायचं नाही, असं पालिकेने ठरवलंय. छप्पर नवीन काम धरतात. पंपघरातलं दुसरं इंजिनही. दर अर्ध्या तासाला येणारी बस दिवसातून चार वेळांवर आली ती त्यामुळेच. तू अर्ज करत राहिलीस, तिकडे कारकून "विचाराधीन" असा शिक्का मारत राहिला. तो बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला काही माहीतच नव्हतं.

हे तुला सांगितलं म्हणजे मी नोकरीतला गुप्ततेचा करार मोडला. पत्र फाडून टाक असं म्हणणार नाही. तू आणि पत्र, काय ते बघून घ्या.

बदलीच्या अर्जाचं मनावर घे.

बारक्या

रविवार, ८ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. मीही मागच्या वेळी "पुन्हा लिहीन" म्हणालो नव्हतो, तरी लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आईला सांगितलं तर ती मान हलवेल आणि जेव म्हणेल.

शुक्रवारी संचालकांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. नकाशा काढून तीन वर्षं होत आली, तेव्हा मॉडेल म्हणालं होतं ते आणि प्रत्यक्ष झालं ते, असे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहायचं होतं. तुझ्या शाळेचा आकडा मी पडद्यावर पाहिला. मॉडेलने म्हटलं होतं, पटावर एकशे अठ्ठावीस राहतील. तुझ्या पटावर एकशे एकतीस आहेत. एवढं जवळ कुणाचंच येत नाही. टाळ्या वाजल्या. तीन गावांनी हेच मॉडेल मागवलंय असं संचालकांनी जाहीर केलं, आणि पाणक्याने माझ्या पाठीत असा काही धपका घातला की चहा सांडला.

मी हसत होतो, ताई. खोटं कशाला सांगू, आनंद झालाच होता. मग जागेवर येऊन आकडे चाळत बसलो. सहज म्हणून, कोण कोण गेलं आणि का गेलं ते पाहू लागलो. घर सोडताना पालिका एक फॉर्म भरून घेते, त्यात कारण लिहायचं असतं. पाणी आलं म्हणून गेलेली घरं थोडी, तीही पहिल्या दोन गल्ल्यांतली. बाकीच्यांनी काय लिहिलंय? बस नाही, कामावर वेळेत पोचता येत नाही. पंप बंद, गटार तुंबतं. शाळा गळते. एकाने नुसतं लिहिलंय, "इथे आता काही होत नाही."

आणि बस का नाही? लोक जाणार आहेत म्हणून. लोक जाणार आहेत हे कुणी सांगितलं? मी.

शनिवारी सुट्टी होती तरी ऑफिसात गेलो. पाणक्यालाही बोलावून घेतलं. त्याला म्हटलं, दोन्ही इंजिनं चालू धर आणि पाणी कुठवर येतं ते दे. तो म्हणाला, असं कुणी मागितलं नव्हतं आपल्याकडे. पण दिलं. पाणी दोन गल्ल्यांच्या वर सरकत नाही. मग मी बस ठेवली, छप्पर केलं, शाळा चालू ठेवली, आणि हजार फेऱ्या पळवल्या. पंधरा वर्षांनंतर अठराशे चाळीसपैकी तेराशेच्या आसपास घरं राहतात. पहिल्या दोन गल्ल्या हलवाव्या लागतात, त्या मात्र लागतातच. आपलं घर चौथ्या गल्लीत.

कागद घेऊन आज सकाळी संचालकांच्या घरी गेलो. माणूस वाईट नाही. दारात उभं ठेवलं नाही, बसवलं, चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आपल्याला विचारलं होतं, काय होईल. काय होऊ शकलं असतं, ते कुणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, साहेब, आपण सांगतोय म्हणून ते होतंय. ते म्हणाले, "मग मॉडेल चुकलंय असं लिहून द्या. मी वर पाठवतो."

कसं लिहून देऊ? ते चुकलेलं नाही. एकशे अठ्ठावीस आणि एकशे एकतीस. ते दर वर्षी बरोबर येत जाणार आणि दर वेळी टाळ्या वाजणार.

तू म्हणशील, सोड नोकरी. करारात अजून दोन वर्षं आहेत. त्याआधी सोडलं तर या कामाच्या कुठल्याही ऑफिसात मला दार बंद, आणि क्वार्टर सात दिवसांत रिकामं करायचं. मग आईला घेऊन कुठे जाऊ? खाली?



बारक्या

रविवार, २२ मार्च

ताई,

तुझ्या शाळेबद्दल सुनावणी लागली आहे. १५ एप्रिल, बुधवार, सकाळी अकरा, पालिकेचं सभागृह. नोटीस तुला परवा मिळेल. मी तिथे तज्ज्ञ म्हणून टेबलामागे असेन. मला फक्त नकाशा समजावून सांगायचाय. आपणहून दुसरं काही बोलायचं नाही. पण सुनावणीचा एक नियम मी काल नीट वाचून काढला. जमलेल्यांपैकी कुणीही तज्ज्ञाला प्रश्न विचारू शकतं, आणि विचारलं की तज्ज्ञाला उत्तर द्यावंच लागतं. ते नोंदीत जातं. तिथे करार आड येत नाही.

म्हणून तू मला हे विचार, अगदी याच शब्दांत: "बस, पंप आणि शाळा चालू ठेवली, तर तुमच्या मॉडेलप्रमाणे किती घरं राहतात?" बस्स. पुढचं माझ्यावर सोड. कागद खिशात असतील.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडलं. कारण तू सगळ्यांसमोर माझ्यासाठी उभी राहणार, आणि तुला मी कोण आहे ते माहीत नसावं, हे बरोबर नाही.

आईला मी वर आणलं तेव्हा सांगितलं होतं की पायरीवर पडली, गुडघे गेले, लिफ्टचं घर हवं. मामा आणि आत्या बसले होते. आत्या म्हणाली, पण इथे तुझी बहीण आहे की बघायला. त्यावर मी म्हणालो, ताईला शाळेतून वेळ कुठे मिळतो, आई दिवसभर एकटी असते, पडली तेव्हा तासभर कुणाला पत्ता नव्हता. तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. तू आत गेलीस आणि आईची बॅग भरलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस, आणि सगळे नातेवाईक हळहळून सांगतात की बहिणीचं लक्ष नव्हतं म्हणून भावाला आईला न्यावं लागलं.

आई तासभर पडून नव्हती. दहा मिनिटं असेल. शेजारणीने लगेच उचललं होतं. मला ते माहीत होतं.

तो ऑगस्ट महिना होता. जुलैच्या शेवटी मॉडेल पहिल्यांदा पूर्ण पळालं होतं आणि नकाशा कच्चा तयार झाला होता. खालचा भाग राखाडी झाला ते मी पडद्यावर पाहिलं. आणखी कुणी पाहायच्या आधी. आठ महिन्यांनी तो छापून बाहेर आला. मधल्या काळात मी फक्त एकाच माणसाला तिथून हलवलं. तुला सांगितलं असतं तर तू गल्लीला सांगितलं असतंस, गल्लीने भागाला, आणि माझी नोकरी गेली असती. हे कारण मी स्वतःला देत आलोय. दुसरं कारण असं की मला आई हवी होती, आणि तुझ्यावर ढकललं की ती लगेच मिळणार होती.

माफी मागत नाही. सुनावणीला ये, एवढंच मागतो. आणि तो प्रश्न विचार.

बारक्या

शनिवार, १८ एप्रिल

ताई,

तू तिथेच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो. मी बसलो होतो तिथून वेगळं दिसत होतं.

सभागृहात पंख्याचा आवाज इतका की अध्यक्षबाईंना दोनदा माइक बदलावा लागला. मी तुला शोधत होतो. तू चौथ्या रांगेत, पालकांच्या मधे. साडेतीन वर्षांनी पाहिलं. केस पांढरे झालेत तुझे, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत पंपघरातले निवृत्त ऑपरेटर होते, हातात घडी घातलेला कागद. मी नकाशा समजावला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, तज्ज्ञांना कुणाला काही विचारायचंय का, आणि तू उठलीस. मी खिशात हात घातला. कागद हाताला लागले.

तू मला "तुम्ही" म्हणालीस.

"तुम्ही तुमच्या आईला खालून वर कधी नेलंत?"

अध्यक्षबाई म्हणाल्या की हा खासगी प्रश्न आहे. तू म्हणालीस, "फक्त तारीख हवी आहे." आवाज न चढवता, वर्गात पाढा विचारावा तशी.

मी तारीख सांगितली. सतरा ऑगस्ट, आणि वर्ष.

"आणि नकाशा लोकांना कधी दाखवलात?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये.

तू खाली बसलीस.

टेबलामागून काय दिसत होतं ते सांगतो. आधी कुणालाच कळलं नाही. मग रांगारांगांतून ते कळत गेलं, पुढून मागे, माना एकमेकींकडे वळत गेल्या. पंपघरातल्या काकांनी त्यांचा कागद पुन्हा घडी केला, खिशात ठेवला आणि उठून बाहेर गेले. त्यांना पंपाबद्दल बोलायचं होतं. ते बोललेच नाहीत.

त्यानंतर मी उठलो. कुणी काही विचारलेलं नसताना. दुसरी फेरी, तेराशे घरं, दोन इंजिनं, सगळं सांगायला लागलो. दोन वाक्यांत माइक बंद झाला. मी बोलत राहिलो. पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं असेल. संचालक माझ्याकडे पाहत नव्हते, टेबलाकडे पाहत होते. नोंदीत त्यातला एकही शब्द नाही, मी काल जाऊन बघितलं. तारखा आहेत. दोन्ही.

तू तो प्रश्न का विचारला नाहीस?

बारक्या

रविवार, ३ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता पाठ आहे: "तुझा प्रश्न विचारला असता तर तू सुटला असतास. तुला सोडवायला मी आले नव्हते."

बरोबर आहे. मला वाटत होतं की मी तुला शाळा वाचवायचा मार्ग देतोय. मी स्वतःसाठी दार उघडून घेत होतो, आणि कडी काढायला तुला उभं करत होतो.

पण त्याचं पुढे काय झालं तेही तुला माहीत असायला हवं, तुला दोष द्यायला नाही. सुनावणीपासून आजपर्यंत एकसष्ट घरांनी फॉर्म भरले. मॉडेलमध्ये या अख्ख्या वर्षाला चाळीसच होती, खरी गळती पुढे, शाळा बंद झाल्यावर. कारणाच्या रकान्यात बऱ्याच जणांनी एकच लिहिलंय: तज्ज्ञाने स्वतःची आई आधीच हलवली. लोकांनी माझे आकडे ऐकले नाहीत. मी काय केलं ते ऐकलं. आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. तसं पाहिलं तर तेच केलं होतं.

शाळेचा निकाल तुला कळलाच असेल. वरचे वर्ग पुढच्या सत्रापासून हलणार, पहिली ते तिसरी एक वर्ष "फेरविचारासाठी" तिथेच. पाणक्या म्हणतो, हे वर्ष मिळालं ते माइक बंद झाल्यामुळे; वार्ताहर तिसऱ्या रांगेत होता. मला खात्री नाही. चव्वेचाळीस मुलं राहतील तुझ्याकडे. छप्पर तसंच.

मला काढलं नाही. काढलं असतं तर बातमी झाली असती. मला जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलंय, तळमजल्यावर, कपाटांच्या मधे. एक जुना संगणक आहे, बाहेर कशालाच जोडलेला नाही. हजेरी सकाळी आणि संध्याकाळी. बाहेर पडायचं तर पास लागतो, त्यावर परतायची वेळ घालतात. दोन वर्षं. टायपिस्ट बाई पहिल्या दिवशी विचारपूस करायला आल्या होत्या, मग त्यांनाही कुणीतरी काही म्हणालं असावं.

आता आईचं. खालच्या मजल्यावरच्या बाई तिला पेपर वाचून दाखवतात. त्यांनी सुनावणीची बातमीही वाचून दाखवली. मी घरी आलो तर आई खिडकीत नव्हती, पलंगावर बसली होती, चपला पायात.

म्हणाली, "मला विचारायचं होतंस की."

मी पाण्याचं सांगायला लागलो. पहिल्या दोन गल्ल्या, इंच, वर्षं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली की माझ्या जन्माच्या वर्षी त्या घरात दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, तुला कडेवर घेऊन तिने ते झाडूने बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना लावला. मग मला विचारलं, "तुझ्या त्या यंत्रात मी आहे का?"

मी म्हटलं, आहेस. क्रमांक आहे.

"मग मी कितव्या वर्षी जाते?"

ताई, मॉडेलमध्ये माणसं म्हातारी होतात, मरतातही. प्रत्येक घराचं ते असतं. मला तो आकडा माहीत आहे. तीन वर्षांपासून माहीत आहे. मी तिच्या पायातल्या चपला काढायला वाकलो, आणि ती हसायला लागली. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, नको सांगूस, पण तेवढी वर्षं मला टाकी बघत काढायची नाहीत.

गुरुवारी तिला घेऊन येतो. दहाची बस. पायरी चढताना तिला हात दिलेला चालत नाही, नुसतं जवळ उभं राहायचं. तू नको म्हणालीस तरी ती येणार आहे, तेव्हा नको म्हणू नकोस.

बारक्या

शुक्रवार, ८ मे

ताई,

काल तू "बस" म्हणालीस आणि मी बसलो नाही. पास दोनपर्यंतचा आहे असं सांगून निघालो. पास पाचपर्यंतचा होता.

तुला आणि आईला एकमेकींसमोर पाहिलं आणि मला तिथे कुठे उभं राहायचं ते कळेना. तू तिची बॅग घेतलीस, तीच बॅग जी तू भरली होतीस, आणि आईने आत शिरताच पहिलं काय केलं तर भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे म्हणून सांगितलं. तुझा चेहरा पाहिला मी. दोघी मिळून भांडायला लागाल आता, हे दिसत होतं, आणि ते पाहायला थांबायचा हक्क मला नव्हता.

निघालो तो लगेच बसथांब्यावर गेलो नाही. सगळ्या गल्ल्यांमधून चाललो. सात वर्षं मी त्या घरांवर काम करतोय आणि चालत गेलो नव्हतो. बंद दारं मोजत होतो, क्रमांक आपोआप आठवत होते. पाचव्या गल्लीतलं कोपऱ्यातलं घर मॉडेलमध्ये दोन वर्षांपूर्वीच रिकामं झालंय. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने मला ओळखलं. "तुम्हीच ना ते," म्हणाली. मी हो म्हटलं. ती कपडे वाळत घालत राहिली, आणि मी ओल्या चादरीखालून वाकून पुढे गेलो.

ऑफिसात परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. त्या जुन्या संगणकावर मॉडेलची एक प्रत आहे. आपलं घर काढलं, आणि माणसं एकाच्या जागी दोन करायला गेलो. होईना. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. मग नियम उघडून वाचले. घरातली माणसं कमी होऊ शकतात. जन्म झाला तर वाढू शकतात. पण वर गेलेलं माणूस खाली परत येऊ शकत नाही. तशी ओळच मी लिहिली नव्हती. अठराशे चाळीस घरं, हजार फेऱ्या, आणि एकदाही कुणी परत येत नाही, हे मला इतकी वर्षं खटकलं नव्हतं.

ती ओळ काल लिहिली. छोटी आहे. पाच वाजेपर्यंत झाली.

मग एकदा पळवून पाहिलं. आपलं घर आधी सहाव्या वर्षी रिकामं व्हायचं, आता अकराव्या वर्षापर्यंत राहतं. आणि डावीउजवीकडची दोन घरंही त्याच्याबरोबर थांबतात. बाकी नकाशा जवळजवळ तसाच. हे कुणाला दाखवणार नाही. या खोलीत मला काही विचारायला कुणी येत नाही, आणि तूही यावर विश्वास ठेवू नकोस. आई किती दिवस राहणार हे तू तिलाच विचार.

क्वार्टरमध्ये आता शांत असतं. लिफ्टवाल्याने विचारलं, आजी कुठे गेल्या. मी सांगितलं, घरी.

रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्यात, निळी सकाळी, पांढरी जेवणानंतर. ती दोन्ही एकदम घेते आणि नाही म्हणते, लक्ष ठेव. तुझं लक्ष नसतं असं आता कुणासमोर म्हणणार नाही. आत्याला मी खरं काय ते कळवलंय, ती तुला फोन करेल.

पुढच्या गोळ्या घेऊन एकवीस तारखेला येतो. पास पाचपर्यंतचा असेल, हे आधीच लिहून ठेवतो.

बारक्या